जुनी आरएक्स हंड्रेड घरी चालू करताना: आधी हवा अडवा, मग पेट्रोलकडे वळा

इंदूरच्या सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग या भागांतल्या कितीतरी घरांत जिन्याखाली किंवा मागच्या पडवीत यामाहाची एक आरएक्स हंड्रेड मोटरसायकल अजून झाकून ठेवलेली असते. काकांनी हौसेने घेतलेली. मग घरात स्कूटर आली आणि हिला किक मारणं बंद झालं. आता पुतण्याला ती रस्त्यावर आणायची असते. तो गाडी ढकलत गॅरेजवर नेतो आणि दोन मिनिटांत निकाल लागतो: "इंजन खोलना पडेगा, बोर-पिस्टन गया." बऱ्याचदा बोर-पिस्टन, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत आणि पिस्टन, गेलेलं नसतं. गेलेलं असलं तरी ते का गेलं हे न शोधता नवीन घातलं, तर तेही त्याच वाटेने जातं.

ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्या भारतीय भागीदारांना धरून इथे आल्या: इंड-सुझुकी, कावासाकी बजाज, हिरो होंडा, आणि एस्कॉर्ट्सबरोबर यामाहा. आरएक्स हंड्रेड १९८५ ते १९९६ या काळात बनली. ९८ सीसी, ५० मिमी बोअर, तेवढाच स्ट्रोक, ११ अश्वशक्ती, चार गिअर. म्हणजे सगळ्यात धाकटी गाडीही आता तिशीच्या घरात आहे. लोखंड आणि ॲल्युमिनियम एवढ्या वर्षांनी थकत नाही. रबर थकतं. आणि टू-स्ट्रोक इंजिनाचा श्वास दोन रबरी सीलांवर चालतो. खालचं बरंचसं विवेचन केबी हंड्रेड, एएक्स हंड्रेड, सामुराई, राजदूत ३५० या गाड्यांनाही लागू पडतं. मापं मात्र ज्या-त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावीत.

पैसा लावण्याआधी कागद बघा. इंजिन नंबर क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या पेटीवर) आणि चेसिस नंबर हँडलच्या मानेवर ठोकलेला असतो. दोन्ही आरसीशी अक्षर-अंक जुळले पाहिजेत. जागा घासलेली किंवा आकडे वाकडेतिकडे ठोकलेले दिसले, तर गाडी कितीही देखणी असो, विकत घेऊ नका. घरचीच असेल तर आरसीची मुदत पाहा: खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं, पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. एमपी ०९ पासिंगच्या बहुतेक आरएक्सची मुदत केव्हाच उलटलेली असते. "व्हिंटेजमध्ये टाकून देऊ" हा सल्ला गल्लीत हमखास मिळतो. २०२१च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी गाडी, आणि ती रोज चालवायला बंदी. आरएक्सला तो मान मिळायला अजून बरीच वर्षं आहेत.

इंजिनाचा खालचा भागही पंपच

चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या खाली फक्त ऑइल असतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या वर स्फोट होतो आणि त्याच वेळी खाली दुसरं काम चाललेलं असतं. पिस्टन वर जातो तशी क्रँककेसमध्ये ओढ तयार होते, रीड व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्या उघडतात आणि कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोलचं मिश्रण आत येतं. पिस्टन खाली आला की रीड मिटते, मिश्रण दाबलं जातं आणि ब्लॉकच्या (सिलिंडरच्या) बाजूच्या वाटांनी वर चढतं. साडेसात हजार आरपीएमला हे एका सेकंदात १२५ वेळा घडतं. सायकलच्या पंपाचा वॉशर वाळला की कितीही दांडा मारा, ट्यूब भरत नाही. इथेही क्रँककेसला बारीकशी फट पडली की वरचं सगळं बिघडतं.

फट पडायच्या जागा ठरलेल्या आहेत. कार्बोरेटर आणि ब्लॉकमधला रबरी जोड, रीडखालचं पॅकिंग, ब्लॉकखालचं पॅकिंग, क्रँककेसचा मधला सांधा आणि क्रँकच्या दोन टोकांची ऑइल सील. यातली दोन सीलं सगळ्यात महत्त्वाची, कारण ती बाहेरून दिसत नाहीत. शिवाय डावं आणि उजवं सील वेगवेगळा रोग दाखवतं.

डावं सील मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या फिरत्या चाकाच्या) मागे, कोरड्या बाजूला. ते फाटलं की क्रँककेस बाहेरची हवा ओढते. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, म्हणजे मिश्रण पातळ. लक्षणं अशी: थ्रॉटल सोडला तरी आरपीएम लगेच उतरत नाही, लटकत राहतो, कधी उभ्या गाडीत आपोआप चढतो, प्लग पांढराफटक निघतो, गाडी गरम झाली की ताकद पडते. पातळ मिश्रण जास्त गरम जळतं आणि त्यातलं ऑइलही कमी पडतं, त्यामुळे शेवटी पिस्टन ब्लॉकला चिकटतो. यालाच आपल्याकडे इंजिन पकडलं म्हणतात. मग बोर होतं, म्हणजे सिलिंडर आतून कोरून मोठा होतो, नवं पिस्टन बसतं, फाटकं सील तसंच राहतं, आणि दोन महिन्यांत गाडी परत त्याच गॅरेजवर.

उजवं सील क्लचच्या बाजूला, गिअर ऑइलमध्ये बुडालेलं. ते फाटलं की क्रँककेस हवेऐवजी गिअर ऑइल ओढते. सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो आणि गाडी गरम झाल्यावरही थांबत नाही. गिअर ऑइलची पातळी मात्र गळतीशिवाय उतरत जाते. टू-टी ऑइल (पेट्रोलबरोबर जळणारं टू-स्ट्रोकचं ऑइल) जास्त जात असेल तर धूर सुरुवातीला भरपूर येतो, पण चार-पाच किलोमीटरनंतर बराच ओसरतो. हा फरक लक्षात ठेवला तर ऑइल पंपाला विनाकारण दोष लागत नाही.

बीपीच्या मशिनने इंजिन तपासणं

गळती आहे की नाही हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. घरात डायलवालं बीपी मोजायचं जुनं मशिन असेल तर निम्मं सामान जमलंच. या तपासणीत क्रँककेसमध्ये साधारण ६ पीएसआय दाब भरायचा असतो. तो होतो ३१० मिमी पारा. बीपीचा डायल ३०० पर्यंत असतो. जवळपास तेवढंच.

कफ काढून बाजूला ठेवा. रबरी फुगा, डायल आणि इंजिनाकडे जाणारी नळी एका प्लास्टिकच्या 'टी'ने जोडा; मत्स्यटाकीच्या हवेच्या नळीला वापरतात तो टी चालतो. कार्बोरेटर काढा, पण त्याचा रबरी जोड इंजिनावरच राहू द्या, कारण तोही तपासायचा आहे. जोडाच्या तोंडात घट्ट रबरी बूच बसवा, बुचाला भोक पाडून त्यातून नळी आत घ्या आणि वरून क्लिप आवळा. टू-टी ऑइलची बारीक नळी जिथून आत येते ते तोंडही बंद करा. सायलेन्सर उतरवा, त्याच्या जागी ३ मिमी पत्र्याचा तुकडा आणि त्यामागे ट्यूबच्या रबराचा तुकडा ठेवून सायलेन्सरच्याच बोल्टांनी कसा. प्लग जागेवरच राहू द्या. मॅग्नेटचं कव्हर आणि शक्य असेल तर मॅग्नेटही काढा, म्हणजे डावं सील डोळ्यांना दिसेल. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे वरचा-खालचा भाग एक होतो.

फुगा दाबत डायल २८०–३०० पर्यंत न्या आणि थांबा. त्याच्या पुढे जाऊ नका. दाब फार वाढला तर चांगलं सीलही जागेवरून सरकतं. निरोगी इंजिनात सहा मिनिटं सुई जवळजवळ हलत नाही. मिनिटाला ५०च्या वर उतरत असेल तर गळती नक्की. मग भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावा. बुडबुडे दिसले ती जागा. उजवं सील कसं पाहायचं? गिअर ऑइल भरायचं झाकण उघडा, गिअरबॉक्सची श्वासनळी बोटाने दाबून धरा आणि झाकणाच्या भोकावर साबणाच्या पाण्याचा पातळ पडदा पसरा. तो हळूहळू फुगायला लागला की उजवं सील गेलं. इतकी स्वच्छ साक्ष दुसरी कुठली तपासणी देत नाही.

चालू इंजिनावर सांध्यांजवळ कार्ब क्लीनर फवारून आरपीएम बदलतो का पाहायची पद्धत बरेच जण सांगतात. ती चालते, पण गरम सायलेन्सर आणि ठिणगी शेजारीच असते. पडवीत, पडद्याजवळ, हे नको. शिवाय काही सीलं आतून दाबलं तर धरतात आणि ओढ लागली की सोडतात, तेव्हा तीस वर्षांची मूळ सीलं परीक्षेत पास झाली तरी बदलून टाकलेली बरी. सील ही गाडीतली सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक आहे.

डावं सील बदलायला इंजिन दुभागावं लागत नाही. मॅग्नेट त्याच्या पुलरनेच काढायचा. हातोडी मारली तर चुंबक सैल होतात आणि क्रँकचं टोक वाकतं. जुनं सील हुकाने ओढताना क्रँकवर एक ओरखडाही उठू देऊ नका, कारण नव्या सीलचा ओठ तिथेच टेकतो. नव्या सीलच्या ओठाला थोडं ग्रीस लावून सपाट सॉकेटने सरळ आत बसवा. उजव्या सीलसाठी क्लच आणि प्रायमरी गिअर उतरवावं लागतं. सीलला बाहेरून केसिंगच्या खोबणीत अडकणारी कडा असेल तर ते क्रँककेस दुभागल्याशिवाय निघत नाही. तिथे जबरदस्ती केली तर केसिंगच फुटतं.

इथेच स्क्रूचं सांगायला हवं. जपानी गाडीचे चौफुली स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असतात, पण त्यांची खाच जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाची असते. फिलिप्सचा पेचकस त्यात पूर्ण उतरत नाही, घसरून वर येतो आणि डोकं चाटून टाकतो. बऱ्याच जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. जेआयएस बिट आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, एवढ्या दोन गोष्टींनी अर्धी भांडणं मिटतात. सियागंजात हार्डवेअर घेताना असेच स्क्रू मिळाले नाहीत तर त्याच मापाचे ॲलन बोल्ट बसवा. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण पुढच्या वेळी कव्हर सुखाने निघेल.

बोर करायचं की नाही

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला थेट किक मारू नका. प्लग काढा, भोकातून चमचाभर टू-टी ऑइल आणि थोडं डिझेल सोडा, रात्रभर मुरू द्या. सकाळी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. चिकटलेल्या रिंग अशा सुटतात; किकने तुटतात.

मग कम्प्रेशन मोजा. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून पाच-सहा किक. १०० पीएसआयच्या वर असेल तर ब्लॉकला हात लावायचं कारण नाही. ९०च्या खाली असेल तर हेड आणि ब्लॉक उतरवून पाहा. ब्लॉक निघालाच आहे तर कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघा: वर-खाली खेळ अजिबात चालत नाही. टोकाशी आडवं हललं तर घाबरू नका. १ मिमीच्या आसपास ठीक, २ मिमीच्या वर असेल तर क्रँक उघडायला हवी. क्रँकचं काम घरचं नव्हे. ते प्रेसवर उघडतात आणि परत बसवल्यावर ०.०३ मिमीच्या आत सरळ आणतात.

बोर करायची वेळ आलीच तर आधी पिस्टन घ्या, मग ब्लॉक लेथवाल्याकडे न्या. उलट करू नका. ओव्हरसाइझ पिस्टन ०.२५ मिमीच्या टप्प्यांनी मिळतं, पण एकाच 'फिफ्टी'ची (०.५० मिमी ओव्हरसाइझची) दोन पिस्टनं मोजली तर मापात फरक निघतो. पिस्टन गोलही नसतं आणि सरळही नसतं. ते खालच्या कडेपासून साधारण १० मिमी वर, पिनला काटकोनात मोजायचं. त्या मापापेक्षा बोअर ०.०३ ते ०.०५ मिमी मोठा हवा. कमी ठेवला तर गरम झाल्यावर पकडतो, जास्त ठेवला तर खडखडतो आणि रिंग लवकर जातात. लेथवाल्याला आकडा कागदावर लिहून द्या. "टाइट रखना, नया है" असं तोंडी सांगितलं की काय होतं, ते सीझ झालेल्या ब्लॉकांच्या ढिगाऱ्यात दिसतं.

बोर झाल्यावर पोर्टच्या कडा धारदार राहतात. त्या बारीक पॉलिश पेपरने किंचित गोल करून घ्या, नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. मग धुणं. याच टप्प्यावर सगळ्यात जास्त आळस होतो. पेट्रोलने पुसलं तर होनिंगची, म्हणजे बोअर दगडाने घासून पक्का करतानाची, राख लाइनरच्या बारीक रेघांमध्ये तशीच राहते आणि ती नव्या रिंगांना कानशीसारखी घासते. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि ताठ ब्रश घ्या. आतून घासा, धुवा, पांढऱ्या कापडाने पुसा. कापडावर राखाडी डाग आला की परत. चार-पाच वेळा धुतल्यावर कापड पांढरं निघतं. निघाल्या क्षणी आत टू-टी ऑइलचा हात फिरवा, कारण बीडाची लाइनर मिनिटांत लालसर गंज धरते.

बसवताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. रिंगवरचा शिक्का वर, आणि रिंगचं तोंड पिस्टनच्या खोबणीतल्या बारीक खिळ्यावर नेमकं बसलेलं. ब्लॉकमध्ये नुसती रिंग सरकवून तोंडातली फट मोजा: ०.१५ ते ०.३५ मिमी. पिनच्या सर्क्लिप नेहमी नव्या, आणि त्यांचं उघडं तोंड वर किंवा खाली, पिस्टनच्या खाचेसमोर नाही. हेडचे नट तिरक्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत. ८ मिमीच्या स्टडला २०–२५ न्यूटन-मीटर पुरे. पॅकिंगला सिलिकॉन फासू नका. ते आत सुटून वाटा बुजवतं.

ठिणगी

आरएक्स हंड्रेडमध्ये प्लॅटिनम पॉइंट आहेत, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे दोन संपर्क. फट ०.३० ते ०.४० मिमी. पॉइंटचा फायबरचा पाय झिजत जातो तशी फट कमी होते आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडतं. गाडी सुस्त वाटते आणि बिचाऱ्या कार्बोरेटरवर संशय जातो. फट वाढवली की टायमिंग पुढे सरकतं, म्हणून आधी फट आणि मग टायमिंग, हाच क्रम. पॉइंट उघडायच्या क्षणी मॅग्नेटवरची खूण केसिंगच्या खुणेसमोर असली पाहिजे. मल्टिमीटर इथे फसवतो, कारण पॉइंटला समांतर कॉइल जोडलेली असते आणि पॉइंट उघडले तरी मीटर जोडणी दाखवतो. त्यापेक्षा सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरा आणि हलकेच ओढत मॅग्नेट फिरवा. कागद सुटला तो क्षण.

किक उलटी मारते, टायमिंग काही केल्या बसत नाही, तर मॅग्नेटखालची अर्धचंद्री चावी तपासा. ती अर्धी कापली गेली की मॅग्नेट टेपरवर सरकतो आणि सगळ्या खुणा खोटं बोलतात.

प्लग एनजीकेचा बीपी७एचएस घ्या, फट ०.६ ते ०.७ मिमी. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉशमध्ये नेमकं उलटं: आकडा वाढला की गरम. दुकानात "सात नंबर" मागून कुठल्याही कंपनीचा उचलू नका. नवा प्लग हाताने पूर्ण बसवा, मग पान्याने अर्धा वळसा, बस. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर काम वाढतं. रोज वापरायची असेल तर पॉइंट काढून सीडीआय (पॉइंटांशिवाय चालणारी इलेक्ट्रॉनिक ठिणगी) बसवणं शहाणपणाचं आहे. मूळ प्लेट डब्यात जपून ठेवा.

कार्बोरेटर, ई-२० आणि इंदूरची हवा

दाबाच्या परीक्षेत इंजिन पास झाल्याशिवाय जेटला (कार्बोरेटरातल्या पेट्रोल सोडणाऱ्या भोकाच्या पितळी तुकड्याला) हात लावू नका. फुटक्या पंपावर मिश्रण जुळवलं तर सकाळी बरोबर आणि दुपारी चूक.

मिकुनीच्या या साध्या कार्बोरेटरात थ्रॉटल किती उघडा आहे त्यावर वेगवेगळे भाग काम करतात. अगदी थोडा उघडा असताना पायलट जेट आणि एअर स्क्रू, त्यानंतर स्लाइडची तिरकी कापलेली कड, पाव ते पाऊण नीडल, आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. म्हणून "गाडी मिसिंग मारते" एवढं पुरत नाही. हँडलवर टेपची पट्टी चिकटवून थ्रॉटलची पाव, अर्धी, पाऊण खूण करा आणि कुठे अडखळते ते बघा. एअर स्क्रू आत वळवला की हवा कमी, मिश्रण घट्ट. नीडलची क्लिप खालच्या खाचेत टाकली की नीडल वर उचलली जाते, म्हणजे तेही घट्ट. साफ करताना जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि वर छापलेला नंबर खोटा ठरतो. क्लीनर मारण्याआधी सगळी रबरं बाजूला काढा.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. शुद्ध पेट्रोल जळायला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-२०ला साधारण १३.५. म्हणजे १९८५च्या जेटिंगला हे इंधन जवळपास ८ टक्के पातळ पडतं. पण इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. इथली हवा मुळातच ५ टक्क्यांच्या आसपास विरळ असल्यामुळे कार्बोरेटर थोडं घट्ट देतो. मे महिन्याच्या ४२ अंशांत आणखी थोडं. दोन्ही एकमेकांना काही प्रमाणात कापतात, म्हणून मेन जेट एकच टप्पा वाढवा, १००च्या जागी १०५ अशा हिशोबाने. दोन-तीन टप्पे चढवले तर प्लग काळा पडेल.

मिश्रण सगळ्यात पातळ होतं ते जानेवारीच्या पहाटे, आठ-दहा अंशांत, जेव्हा हवा दाट असते. इंजिन उन्हाळ्यातच पकडतं ही समजूत अर्धीच खरी: उन्हाळ्यात थंड व्हायला त्रास, थंडीत मिश्रण पातळ. म्हणून जेट थंडीच्या सकाळी पक्कं करा. सुपर कॉरिडॉरवर पहाटे रस्ता मोकळा असतो. नवा प्लग, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर अर्धा-एक किलोमीटर, मग एकाच वेळी क्लच दाबून चावी बंद. बाजूला थांबून प्लग काढा आणि पांढऱ्या चिनी मातीचा अगदी आतला, मुळाशी असलेला रंग पाहा. फिकट तपकिरी कडं हवं. ई-२०वर रंग जुन्या चित्रांपेक्षा फिकाच येतो. कॉफीच्या रंगामागे लागून जेट वाढवत बसू नका.

इथेनॉल जुन्या रबरालाही खातं. पेट्रोलचा पाइप, कॉकची वॉशर, फ्लोटच्या नीडलचं टोक एकदाच बदला, आणि व्हायटॉनचं (इथेनॉलला टिकणारं रबर) मागा. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवा.

टाकीत गंज असेल तर कार्बोरेटर कितीदाही साफ केला तरी उपयोग नाही. किराणा दुकानात नींबू-सत म्हणून मिळणारं सायट्रिक ॲसिड, दहा लिटर कोमट पाण्याला पाऊण ते एक किलो, टाकी काठोकाठ, एक दिवस. अर्धवट भरली तर पाण्याच्या रेषेवर वेगळा गंज उमटतो. मग पाणी, खाण्याच्या सोड्याचं पाणी, परत पाणी, आणि लगेच हेअर ड्रायरने कोरडी. ओली राहिली तर तासाभरात नारिंगी होते. बाहेरच्या रंगावर ॲसिड ओघळू देऊ नका, विशेषतः मूळ स्टिकर शाबूत असतील तर.

सायलेन्सरचं थोडक्यात: आतली जाळी काढून कॉस्टिक सोड्यात बुडवा, हातमोजे-चष्मा घालून, उघड्यावर. सोडा ॲल्युमिनियमच्या कुठल्याही भागाला लागू देऊ नका, तो ते खातो. आवाजासाठी जाळीला भोकं पाडणाऱ्यांना चौकात चलान मिळतं आणि खालची ताकदही जाते.

टू-टी ऑइल आणि पहिले ५०० किलोमीटर

ऑटोल्यूब पंपावर (टू-टी ऑइल इंजिनात सोडणाऱ्या पंपावर) विश्वास ठेवा, पण तपासून. पंपाच्या चाकावरची खूण थ्रॉटलच्या ठरलेल्या स्थितीत जुळली पाहिजे. नळी कधी काढली असेल तर हवेचा स्क्रू उघडून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या. पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येच लिटरला २० मिली ऑइल मिसळा. नळीत हवा राहिली असली तरी इंजिन कोरडं पडत नाही. ऑइल जासो (जपानी ऑइल मानक) एफसी किंवा एफडी. गिअरबॉक्समध्ये मात्र जासो एमए, कारण क्लच त्याच ऑइलात भिजतो. गुळगुळीत करणारं स्कूटरचं एमबी ऑइल टाकलं तर क्लच घसरतो.

नवीन बोरवर पहिले ५०० किलोमीटर सलग पूर्ण थ्रॉटल नको. एकाच वेगाने रेटणंही नको. थोडं चढवा, थोडं सोडा. पहिल्यांदा नीट गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट परत तपासा. बहुतेक वेळा थोडा वळसा बसतो.

खंडवा रोडला भेरूघाट उतरताना एक सवय लावून घ्या. लांब उतारावर थ्रॉटल बंद करून गिअरवर गाडी सोडली की चाकं इंजिन जोरात फिरवतात, पण पंपाची फेक थ्रॉटलला बांधलेली असल्याने ऑइल नावापुरतं येतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल असेल तर तेही येत नाही, कारण पेट्रोलच येत नाही. दर काही सेकंदांनी क्लच दाबून थ्रॉटल थोडा उघडा, आणि उतार ब्रेकवर सांभाळा. म्हणजे घाटाआधी ड्रमचे लायनर बघणं आलं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रम फुंकून साफ न करता ओल्या फडक्याने पुसा. टायरच्या बाजूवरचे चार आकडेही वाचा, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. टायर सहा वर्षांपलीकडचा असेल तर नक्षी कितीही खोल असो, बदला.

५०० पूर्ण झाल्यावर गिअर ऑइल बदला आणि काढलेलं ऑइल पांढऱ्या वाटीत घेऊन उन्हात हलवून पाहा. बारीक चमक नव्या क्लचची असते, ती चालते. बोटाला टोचणारे कण असतील तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. आणि पातळी भरलेल्यापेक्षा कमी निघाली असेल, तर बीपीचं मशिन परत काढा.